बंद कारखान्याच्या जागेवर नवे गाव



कारखाना उभा राहिला की त्याच्याभोवती गाव कसे वसते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आधी माळरान असते. मग चिमणी उभी राहते, कामगारांची कॉलनी होते, शाळा निघते, पतसंस्था येते, बाजार भरू लागतो आणि दहा वर्षांनी पाहावे तर एस.टी.च्या पाटीवर त्या जागेचे नाव लागलेले असते. पण याच्या उलटा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. कारखाना कायमचा बंद पडला तर त्या जागेचे पुढे काय होते? तिथे माणसे राहायला जाऊ शकतात का?

विषय जरा अशुभ वाटेल. धुराडे पेटलेले असताना असले कशाला बोलायचे, असे काही मंडळी म्हणतील. पण आपल्या राज्यात कितीतरी सहकारी कारखाने अवसायनात निघाले, काहींची विक्री झाली, आणि त्या त्या भागातील सभासदांना आपल्या शेअरच्या पैशातून घेतलेल्या जमिनीचे काय झाले ते नंतर समजले. तेव्हा हंगाम चालू असतानाच हे समजून घेतलेले बरे. दुसऱ्या देशात हे काम कसे झाले, त्यात काय साधले आणि काय फसले, ते या लेखात पाहू.

लंडन शहराच्या पूर्वेला ग्रिनिच म्हणून भाग आहे. तिथे थेम्स नदी मोठे वळण घेते आणि त्या वळणात जमिनीची एक जीभ नदीत शिरलेली आहे. मूळची ही दलदल. बांध घालून, चर काढून ती गुरांच्या चाऱ्यासाठी कोरडी केलेली होती. या जमिनीवर १८८० च्या दशकात साउथ मेट्रोपॉलिटन गॅस कंपनीने एक प्रचंड गॅस कारखाना बांधला. त्या काळी लंडनचे रस्त्यावरचे दिवे आणि घरोघरच्या चुली या गॅसवर चालत. हा गॅस जमिनीतून निघत नसे, तो दगडी कोळशापासून करावा लागे. कोळसा बंद भट्टीत हवा न लागू देता भाजायचा. गॅस वर निघतो, खाली कोक राहतो. निघालेला गॅस घाण असतो, म्हणून तो धुवायचा आणि गाळायचा. आपण रस चुना आणि गंधकाच्या धुरीने स्वच्छ करतो ना, तसाच काहीसा प्रकार. फरक इतकाच की आपल्या गाळणीतून प्रेसमड निघते, ती शेतात घालता येते. त्यांच्या गाळणीतून निघायचे डांबर, अमोनियाचे पाणी, बेंझीनसारखी तेले, आणि सायनाइडची संयुगे धरून बसलेली निळसर रंगाची लोहमाती. काही विकले जाई, पण सांडलेले, झिरपलेले आणि कोपऱ्यात लोटलेले सगळे त्या जमिनीतच राहिले. शंभर वर्षे हे चालले होते, हे ध्यानात घ्या.

या कंपनीची एक गोष्ट सहकारातल्या माणसांना सांगण्यासारखी आहे. तिचे अध्यक्ष जॉर्ज लिव्हसी यांनी १८८९ साली कामगारांना नफ्यात वाटा द्यायची योजना काढली. गॅसचा दर जितका उतरेल तितका कामगारांचा बोनस वाढेल, असा हिशेब. पुढे त्यातला काही भाग कंपनीच्या शेअरमध्ये गुंतवला जाऊ लागला आणि १८९८ पासून कामगारांतून निवडलेले प्रतिनिधी संचालक मंडळावर बसू लागले. ऐकायला फार छान. पण यात एक मेख होती. ही योजना आली ती कामगारांची युनियन मोडण्यासाठी. त्यावरून मोठा संप झाला आणि कंपनीने बाहेरची माणसे आणून तो मोडून काढला. तेव्हा ‘भागीदारी’ या शब्दाच्या मागे काय दडले आहे ते पाहून घ्यावे लागते, तिथेही आणि इथेही.

असो. १९६५ साली ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. मग घराघरातल्या शेगड्या त्या वायूला चालतील अशा करून देण्यात आल्या आणि १९७० च्या दशकात ग्रिनिचची कोळसाभट्टी थंड झाली. कारखाना तोट्यात गेला म्हणून किंवा चालवणाऱ्यांनी खाल्ला म्हणून नव्हे, तर त्याच्या मालाची गरजच संपली म्हणून. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे ही जागा तशीच पडून राहिली. लंडनसारख्या शहरात, नदीकाठी, सुमारे ३०० एकर. वितीवितीला भाव असलेल्या गावात एवढी जमीन कोणी फुकट घ्यायला तयार नव्हते, कारण जो घेईल त्याच्या गळ्यात सफाईचा खर्च पडणार.

शेवटी सरकारच पुढे आले. १९९७ साली इंग्लिश पार्टनरशिप्स या सरकारी संस्थेने ही जागा ब्रिटिश गॅसकडून २ कोटी पौंडांना विकत घेतली. शेजारीच सन २००० च्या स्वागतासाठी तो मोठा गोल घुमट, मिलेनियम डोम, बांधायचा ठरला होता. भुयारी रेल्वेची नवी जुबिली लाइनही त्या जागेखालून जाणार होती. याच वर्षी तेव्हाचे उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी जाहीर केले की या जमिनीच्या एका भागावर नवे आदर्श गाव बसवायचे. त्याचे नाव ग्रिनिच मिलेनियम व्हिलेज. खेडे म्हणजे आपल्या अर्थाने खेडे नव्हे. तिथे शेती नाही, गुरे नाहीत. पण शाळा, दवाखाना, दुकान, तळे आणि चालत जाता येईल इतक्या अंतरात सगळे शेजारी, या अर्थाने गाव.

आता मुख्य प्रश्न. विषारी जमिनीवर घर कसे बांधायचे?

लोकांना वाटते की सगळी माती उचलून दुसरीकडे नेऊन टाकायची. तसे करता येते, पण ते महाग पडते, आणि ‘दुसरीकडे’ म्हणजे कोणाच्या तरी दारातच. म्हणून त्या लोकांनी हिशेब वेगळा मांडला. जमिनीतले विष माणसाला बाधायला तीन गोष्टी लागतात. विष हवे, ते ज्याला बाधेल तो जीव हवा, आणि विष त्याच्यापर्यंत पोचेल अशी वाट हवी. यातली कोणतीही एक तोडली की धोका टळतो. आपण औषधाचा डबा घरातच ठेवतो, पण पोराच्या हाताला लागणार नाही असा उंच फळीवर ठेवतो, तेच हे तत्त्व.

कामाची रीत अशी. आधी सगळ्या जमिनीत ठरावीक अंतरावर बोअर घेऊन माती आणि पाणी तपासायचे आणि नकाशा करायचा. जुन्या कारखान्याचे नकाशे असतील तर निम्मे काम सोपे होते, कारण डांबराची टाकी कुठे होती आणि गाळण कुठे होती ते कळते. जिथे विष अगदी दाट, तिथली माती खणून काढायची. जिथे बेंझीनसारखे उडून जाणारे तेल मुरले आहे, तिथे नळ्या घालून त्याची वाफ पंपाने ओढून घ्यायची. काही माती धुऊन परत वापरता येते: वाळू-खडी वेगळी काढली की विष बारीक गाळात उरते, मग तेवढाच गाळ वेगळा नेऊन टाकावा लागतो. बाकीच्या जमिनीवर खुणेचे जाड कापड किंवा जाळी अंथरून वर स्वच्छ मातीचा थर द्यायचा. ते कापड कशाला? पन्नास वर्षांनी कोणी झाड लावायला खड्डा खणला आणि कापड लागले, की त्याला समजावे, इथून खाली जायचे नाही.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. म्हणजे विष गेलेले नाही, ते झाकलेले आहे. ही माहिती गावाच्या दप्तरी कायम राहिली पाहिजे. घर विकत घेणाऱ्याला ती कळली पाहिजे. माणसे बदलतात, अधिकारी बदलतात, पण खालची माती तीच राहते.

गावाचा आराखडा राल्फ अर्स्किन या म्हाताऱ्या वास्तुविशारदाने केला. ते जन्माने इंग्रज, पण आयुष्य स्वीडनमध्ये काढलेले. त्यामुळे थंड वारा कसा अडवायचा आणि ऊन कसे घरात घ्यायचे याची त्यांना चांगली जाण होती. उंच इमारती त्यांनी वाऱ्याच्या बाजूला ठेवल्या आणि आतली घरे ठेंगणी ठेवली, म्हणजे मधल्या चौकात ऊब राहावी. मोटारी कडेला आणि चौकाच्या पोटात, मधली जागा पोरांना. पहिला आराखडा सुमारे ३२ एकरांवर १४०० च्या आसपास घरांचा होता, नंतर तो आकडा बराच वाढवला गेला. पहिले रहिवासी २००० सालच्या अखेरीस राहायला आले.

विजेची आणि उष्णतेची सोय तर आपल्या माणसांना लगेच कळेल अशी. एकच यंत्रणा गॅसवर वीज तयार करते, आणि वीज करताना जी उष्णता वाया जायची तिच्यावर पाणी तापवून ते नळांनी घरोघर पाठवते. आपण बगॅस जाळून वाफ करतो, त्या वाफेवर टर्बाइन फिरवतो आणि तीच वाफ पुढे पॅनला वापरतो. हेच ते को-जनरेशन, फक्त साखरेऐवजी माणसांची अंघोळ.

सरकारने उद्दिष्टे मोठी ठेवली होती. ऊर्जा ८० टक्के कमी, पाणी ३० टक्के कमी, बांधकामाचा खर्चही ३० टक्के कमी. सगळे एकदम कसे साधणार? १९९९ सालीच भांडण झाले. आराखड्यात सहभागी असलेली एक वास्तुविशारद संस्था, मूळच्या कल्पना पातळ केल्या जात आहेत असे म्हणत कामातून बाहेर पडली. बांधकाम कंपनी आणि कल्पक माणसे यांचे गणित कुठेच जुळत नाही असे दिसते.

तरी दोन गोष्टी त्यांनी नक्की चांगल्या केल्या. एक म्हणजे शाळा आणि दवाखाना. घरे अजून थोडीच झाली होती, तेव्हा २००१ सालीच दोन्ही सुरू केली. माणूस नव्या ठिकाणी राहायला जाताना पहिल्यांदा विचारतो, पोरांच्या शाळेचे काय? शाळा असली की घरे भरतात. दुसरी गोष्ट, नदीकाठी सुमारे चार एकर जागा राखून तिथे तळी केली, वेताची बेटे लावली, लाकडी पायवाटा केल्या. २००२ मध्ये हे पर्यावरण उद्यान लोकांसाठी खुले झाले. नदीची जुनी सरळ उभी भिंत काही ठिकाणी मोडून पायऱ्या-पायऱ्यांचा काठ केला, म्हणजे भरतीचे पाणी त्यावर चढेल आणि गाळात वनस्पती रुजतील. मूळची दलदल होती, तिचा एक तुकडा शंभर वर्षांनी जागेवर परत आला.

घरांच्या बाबतीत नियम असा होता की काही घरे कमी भाड्याची असावीत, आणि बाहेरून पाहून हे स्वस्त घर, हे महाग घर असे ओळखू येऊ नये. चांगला नियम. पण पहिल्या टप्प्यात अशी घरे साधारण पाचात एकच. नदीकाठी, नव्या रेल्वेजवळ घरांचे भाव काय झाले असतील याचा अंदाज तुम्हीच करा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्या भट्ट्यांत कोळसा ओढला, त्यातल्या कितीजणांना इथे घर परवडले असेल?

आता याच देशातला दुसरा नमुना पाहा, तो जास्त बोलका आहे. वेल्स प्रांतात स्वान्सीजवळ लानडार्सी नावाचे ठिकाण आहे. वेल्श भाषेत ‘लान’ म्हणजे देवळाभोवतीची वस्ती, आणि पुढे सहसा एखाद्या संताचे नाव येते. इथे मात्र संत नाही, विल्यम नॉक्स डार्सी आहेत, इराणच्या तेलात पैसे घालणारे भांडवलदार. अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीने, म्हणजे पुढच्या बी.पी.ने, तिथे तेलशुद्धीकरण कारखाना काढला. तो १९२२ साली सुरू झाला. कामगारांसाठी शेजारीच बागांचे टुमदार गावही बांधले. १९९८ मध्ये कारखाना पूर्ण बंद झाला आणि मागे उरली हजारभर एकर तेल मुरलेली जमीन.

तिथे चार हजार घरांचे, दहा हजार वस्तीचे ‘कोएड डार्सी’ हे नवे गाव वसवायचा बेत झाला. त्याच्या आराखड्यात आताचे राजे, तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या प्रतिष्ठानचा हात होता. जुन्या वेल्श गावांसारख्या गल्ल्या, दगडी घरे, चौक असा सुंदर नकाशा झाला. परवानगी २००८ च्या सुमारास मिळाली, आणि त्याच वर्षी जगभर बँका बुडू लागल्या. घरबांधणी ठप्प झाली. पुढच्या दहा-बारा वर्षांत तिथे चार हजार सोडा, काही शेकडा घरेच उभी राहिली.

दोन्ही ठिकाणी जमीन घाण, दोन्ही ठिकाणी नकाशे उत्तम. मग फरक कुठे? ग्रिनिचला सरकारने रेल्वे, शाळा आणि सफाई यांत आधी पैसा ओतला. लानडार्सीला भिस्त खासगी विकासकावर आणि घरांच्या भावावर. भाव पडला की कामही पडले.

आपल्या धंद्याकडे येऊ. युरोपात साखर बीटपासून होते हे आपल्याला माहीत आहे. युरोपीय संघाने २००६ मध्ये साखरेचे धोरण बदलले. हमी दर चार वर्षांत ३६ टक्के उतरवायचे ठरले, आणि जे कारखाने आपला कोटा सोडून बंद होतील त्यांना एका निधीतून पैसे देण्यात आले. पहिली दोन वर्षे टनाला ७३० युरो. या नियमातली दोन कलमे आपण नीट वाचावीत अशी आहेत. पहिले, पूर्ण रक्कम हवी असेल तर कारखाना पूर्ण मोडला पाहिजे, जागा पर्यावरणाच्या दृष्टीने चांगल्या स्थितीत आणली पाहिजे आणि कामगारांना दुसरे काम मिळायला मदत केली पाहिजे. दुसरे, या रकमेतला किमान १० टक्के भाग बीट पुरवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि यंत्राने तोडणी करून देणाऱ्या ठेकेदारांसाठी राखून ठेवायचा. बंद पडताना शेतकऱ्याचा वाटा कायद्यात लिहिलेला होता. दहा टक्के पुरेसे होते का, यावर तिथेही वाद झाला, पण तो आकडा कागदावर होता.

त्या काळात युरोपातले कितीतरी साखर कारखाने बंद झाले. हॉलंडमधल्या ग्रोनिंगन शहराचा कारखाना बीट शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा, ‘सुइकर युनी’चा. या संस्थेने २००७ साली दुसऱ्या एका कंपनीचा साखर व्यवसाय विकत घेतला, तेव्हा अगदी जवळजवळ असे दोन कारखाने हाताशी आले. दोन्ही चालवणे परवडणारे नव्हते. २००८ मध्ये ग्रोनिंगनचा बंद केला आणि गाळप शेजारच्या कारखान्यात नेले. म्हणजे सभासदांचे बीट घेणारा कारखाना उरला, तो मोठा झाला, आणि मोकळी जागा शहराच्या नगरपालिकेने घेतली. तिथे नवी वसाहत करायचे ठरले. तिच्या नावातही साखर ठेवली आहे, ‘सुइकरझाइडे’, म्हणजे साखरेची बाजू. उंच चिमणी पाडली नाही, खूण म्हणून राखली.

आपल्या मुंबईतही हे सगळे होऊन गेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. गिरणगावात अठ्ठावन्न गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियमावलीत सूत्र होते की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. साधे, कोणालाही समजेल असे सूत्र. २००१ मध्ये नियमात बदल झाला: वाटणी करायची ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, ज्या जमिनीवर शेड उभी होती ती त्यात धरायची नाही. गिरणीत मोकळी जागा असते किती? शेडच सगळीकडे. एका शब्दाने वाटणीतली जमीन आटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. पुढे २०१२ पासून गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांच्या सोडती निघाल्या. पण तोवर कितीतरी कामगार गावी परतले होते, काही जग सोडून गेले होते. तिथे टॉवर झाले, मॉल झाले, पण गाव मात्र झाले नाही.

आणि सफाई न केल्यास काय होते त्याला भोपाळ साक्षी आहे. डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीनंतर त्या कारखान्याच्या आवारात पडलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलायला जानेवारी २०२५ उजाडले. वर उचलून नेता येईल असा हा कचरा. मातीत आणि भूजलात मुरलेल्याची गोष्ट वेगळीच.

आपल्या साखर कारखान्याची जमीन गॅस कारखान्याइतकी घाण नसते, हे खरे. ऊस, चुना, गंधक, मळी, प्रेसमड, राख यात सायनाइड किंवा डांबर नाही. पण डिस्टिलरी असेल तर तिथले सांडपाणी जुन्या काळी मातीच्या कच्च्या तळ्यात साठवत. ते आम्ल असते आणि त्यात क्षार भरपूर असतात. अशा तळ्याखालच्या विहिरींचे पाणी तांबूस होते आणि जमीन चिबड-खारट होते, हे कारखान्याजवळचा शेतकरी चाखून सांगेल. शिवाय डिझेल-फर्नेस ऑइलच्या जमिनीतल्या टाक्या, ट्रॅक्टर-ट्रक दुरुस्तीच्या शेडखाली मुरलेले काळे ऑइल, जुन्या छपरांचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे. पत्रा फुटला की त्याची बारीक धूळ छातीत जाऊन बसते, म्हणून तो हातोड्याने फोडायचा नसतो, ओला करून अखंड उतरवायचा असतो.

यासाठी कारखाना बंद पडायची वाट पाहावी लागत नाही. कारखान्याच्या जागेचा एक नकाशा तयार करून त्यावर जुन्या-नव्या टाक्या, तळी, राखेचे ढीग आणि भंगाराची जागा यांच्या खुणा करून ठेवता येतात. आज निवृत्त झालेल्या फिटर आणि पंपवाल्यांना ही ठिकाणे तोंडपाठ आहेत. आसपासच्या पाच-सात विहिरींचे पाणी दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून त्याचे आकडे वार्षिक अहवालात छापता येतात. आणि जमीन कोणत्या गट नंबरची, कोणत्या साली, कोणत्या शर्तीवर घेतली, त्यातली संपादनाची किती, खरेदीची किती आणि सरकारकडून मिळालेली किती, हा उतारा सर्वसाधारण सभेत कोणाही सभासदाला मागता येतो. संपादित आणि सरकारी जमिनीच्या वापरावर शर्ती असतात. त्यामुळे उद्या कोणी ती तारण ठेवायचे किंवा विकायचे म्हटले, तर पहिला कागद हाच लागतो.